कौल हवा असेल तर देवळात जा

आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात तोच मेसेज तिसऱ्यांदा आला. ‘काउन्सिलरकडे जाण्याआधी हे वाचा.’ म्हणणं थोडक्यात असं : पैसे मोजून नुसत्या गप्पा मारायच्या, गोळ्या सुरू होतात, एकदा पाय ठेवला की सुटका नाही, बोर्ड कुणीही लावतो, गोवा एवढासा, तुमची गोष्ट तुमच्या आधी घरी पोचते. आणि शेवटी, देवळात जा नाहीतर मैत्रिणीशी बोला, ते फुकट आहे. पाठवणाऱ्या वहिनी जवळच्या, म्हणून ग्रुपवर वाद घातला नाही. पण मी स्वतः फोंड्याहून मडगावला एका खासगी समुपदेशक बाईंकडे अकरा महिने जात होते. गप्प बसवत नाही.

‘गोवा एवढासा’ हे आधी घेते, कारण त्यात दम आहे. मडगावच्या आधी मी घराजवळच एकीकडे गेले होते. खुर्चीत टेकते न टेकते तोच प्रश्न : “तुम्ही कुठल्या वाड्यावरच्या? म्हणजे अमक्यांच्या सून ना?” मी समोरचं पाणी प्यायले आणि उठले. वहिनींचा मेसेज तेव्हा आला असता तर मीही पुढे पाठवला असता.

मडगावच्या बाईंनी पहिल्याच दिवशी एक कागद पुढे केला. इथे बोललेलं बाहेर जाणार नाही, अपवाद तीनच : तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असला तर, लहान मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं तर (पोक्सो कायद्याने ते कळवावंच लागतं), आणि कोर्टाने मागितलं तर. नवऱ्याने फोन केला तर? “तुम्ही माझ्याकडे येता की नाही, हेसुद्धा सांगणार नाही.” २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने आरोग्य व्यावसायिकांवर गुप्ततेचं बंधन घातलं आहे, पण साधा समुपदेशक त्यात कितपत बसतो यावर वाद घालत बसण्यापेक्षा असा कागद मागावा. जो देत नाही, त्याच्याकडे थांबू नये.

आणखी एक त्यांनी सांगितलं : “बाहेर भेटलो तर मी ओळख दाखवणार नाही. तुम्ही हसलात तर हसेन.” चारच महिन्यांनी एका लग्नात जेवणाच्या रांगेत त्या माझ्या अगदी पुढे. सासूबाई माझ्या मागे, आणि नवीन चेहरा दिसला की सासूबाई सोडतात होय? “तुम्ही कुणाकडच्या?” बाई म्हणाल्या, “मुलीकडच्या,” सोलकढीचा पेला उचलला आणि गेल्या. माझ्याकडे बघितलंदेखील नाही. गोवा एवढासा आहे म्हणूनच मला असं माणूस हवं होतं, जे माझ्या घरच्या कुणाचं काहीच लागत नाही. फी खरं तर त्याचीच असते.

आता ‘गप्पा’. पहिली भेट तर इतकी रुक्ष होती की गप्पा असत्या तर बरं झालं असतं. झोप किती, जेवण कसं, थायरॉइड तपासलाय का, घरात कोण कोण, आधी कधी असं झालं होतं का. मग एकच प्रश्न जरा टोचला : “हे दोन वर्षं चाललंय म्हणता, मग आत्ताच का आलात?” त्यातच पन्नास मिनिटं संपली. मी मात्र कौल लावायला गेले होते. शाळेतली नोकरी सोडू की नको? देवाला लावलेली फुलाची पाकळी उजवीकडून पडली तर हो, डावीकडून पडली तर नाही, की झालं. बाईंनी ना उजवा दिला ना डावा. एक वही घ्यायला सांगितली, रात्री झोप उडाली की त्या वेळी डोक्यात काय होतं ते दोन ओळीत लिहायला. मला राग आला. बाराशे रुपये दिले आणि घरचा अभ्यास माझ्याच गळ्यात!

पणजीत जुन्या सचिवालयाजवळ संमोहन करणाऱ्या आबे फारियाचा पुतळा आहे ना, बाईवर हात पसरून उभा? तो बघून सगळ्यांना वाटतं की हा मंत्र घालतोय. कांदोळीत जन्मलेल्या या माणसाने दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये सांगितलं ते नेमकं उलट होतं : शक्ती हात फिरवणाऱ्यात नसते, ज्याला झोप लागते त्याच्यात असते. मला ते पटायला पाच-सहा भेटी लागल्या. तिसऱ्या भेटीनंतर तर जास्तच वाईट वाटत होतं, बोरीच्या पुलावर बसमध्ये रडले. तसं होतं कधीकधी. पुढच्या वेळी ते सांगायचं, ‘बरं आहे’ म्हणायचं नाही.

भाषेचंही सांगते. बाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, कुठल्या भाषेत बोलाल? मी म्हटलं, कुठल्याही. मग त्यांनीच एक दिवस दाखवून दिलं की मला दुखतं ते कोंकणीत येतं, सारवासारव मराठीत, आणि काही लपवायचं असलं की मी इंग्रजीत शिरते. इतकं लक्ष देऊन गप्पा कोण ऐकतं हो?

गोळ्यांचं सोपं आहे. समुपदेशक गोळ्या देऊच शकत नाही, तो डॉक्टरचा प्रांत. गरज वाटली तर मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतात, बांबोळीच्या सरकारी संस्थेत किंवा खासगीत. गोळ्या लागल्या म्हणजे वेड लागलं, हे त्या मेसेजने परस्पर गृहीत धरलंय. मला लागल्या नाहीत. माझ्या बहिणीला लागल्या, ती माझ्यापेक्षा बरी आहे.

‘सुटका नाही’ याला उत्तर आपल्या गोव्यातच आहे. ‘संगत’ या संस्थेने इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये तीव्र नैराश्याच्या रुग्णांसाठी समुपदेशनाचा प्रयोग केला. तो २०१७मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. भेटी किती? सहा ते आठ. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, न मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. माझे अकरा महिने झाले, कारण मी मध्ये मध्ये दांड्या मारल्या. शिवाय आदल्या दिवशी न कळवता चुकवलेल्या भेटीची अर्धी फी द्यावी लागायची, हेही बाईंच्या पहिल्या दिवशीच्या कागदावर होतं.

‘बोर्ड कुणीही लावतो’ हा मुद्दा मात्र मान्य. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणवून घ्यायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, तिचा क्रमांक बिनधास्त विचारावा. ‘काउन्सिलर’ या शब्दाला तसा पहारा नाही. पण डिग्री म्हणजेच सगळं असंही नाही. ‘संगत’च्या प्रयोगातले समुपदेशक साधी माणसं होती, मानसशास्त्राची पदवी नसलेली. त्यांना नीट शिकवलं होतं आणि त्यांच्या कामावर सतत कुणाची तरी नजर होती. म्हणून फोनवरच विचारायचं : शिकलात कुठे, माझ्यासारखी माणसं तुमच्याकडे येतात का, आणि तुम्ही अडलात तर कुणाला विचारता? शेवटच्या प्रश्नाला जी बाई चिडली, ती मी टाळली.

फुकटच हवं असेल तर १४४१६ हा सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, मराठीत आणि कोंकणीतही बोलतात.

देवळात मी दर सोमवारी जातेच, वहिनींच्याच स्कूटरवर. मैत्रिणीही आहेत, त्याच ग्रुपवर. नोकरी मी सोडली नाही, वर्ग बदलून मागितला. वही अजून उशाखाली असते, हल्ली बरीचशी कोरीच.