‘निगेटिव्ह मार्किंग नाही, मग अभ्यास कशाला?’ : एमबीए सीईटीविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

राज्याची एमबीए सीईटी, म्हणजे एमबीए प्रवेशाची सामाईक परीक्षा, जवळ आली की दर वर्षी एक संदेश मोबाइलवर फिरू लागतो. या परीक्षेत चुकीच्या उत्तराचे गुण वजा होत नाहीत, म्हणून फारसा अभ्यास लागत नाही; जमेल तेवढे सोडवावे, शेवटच्या दहा मिनिटांत उरलेल्या सर्व प्रश्नांना ‘सी’ पर्याय लावावा, 90 पर्सेंटाइल कुठे जात नाहीत, असा त्याचा आशय असतो. अभ्यासिकेत माझ्याकडे येणाऱ्या काही मुलांनी यावर विसंबून सराव थांबवल्याचे मी पाहिले आहे, म्हणून यातील एकेक विधान तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

गुण वजा होत नाहीत, हे खरे आहे आणि एकही प्रश्न कोरा सोडू नये, हेही योग्यच आहे. परंतु ही सवलत प्रत्येक उमेदवाराला मिळते, आणि निकाल पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे इतरांच्या तुलनेत लागतो. त्यामुळे जे सगळेच करतात त्याच्या बळावर कोणी पुढे जात नाही.

‘सी’ पर्यायात काही विशेष नाही. प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय आणि एक गुण असल्यामुळे न वाचता दिलेल्या 80 उत्तरांतून सरासरी 16 गुण मिळतात, मग पर्याय एकच लावा किंवा वेगवेगळे. समजा, एकाने एकूण 200 पैकी 120 प्रश्न नीट सोडवून 108 बरोबर आणले आणि उरलेल्या 80 प्रश्नांवर अंदाज लावला, तर त्याचे साधारण 124 गुण होतील. दुसऱ्याने 150 सोडवून 135 बरोबर आणले आणि 50 वर अंदाज लावला, तर 145 होतील. म्हणजे अंदाज दोघांनीही लावला, तरी अंतर पडले ते सोडवलेल्या प्रश्नांमुळेच. शिवाय ज्याचा अभ्यास झाला आहे तो पाचांपैकी दोन पर्याय चटकन बाद करू शकतो आणि मग त्याच्या अंदाजाची शक्यता पाचात एकऐवजी तिनात एक होते.

अभ्यास लागत नाही, हे विधान मात्र सर्वांत घातक आहे. 150 मिनिटांत 200 प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला 45 सेकंद मिळतात. याउलट आयआयएमच्या प्रवेशासाठी होणाऱ्या कॅट परीक्षेत 2024 मध्ये 120 मिनिटांत 68 प्रश्न होते. तिथे चुकीच्या बहुपर्यायी उत्तराचा एक गुण वजा होतो, म्हणून कोणता प्रश्न सोडून द्यायचा हे ओळखण्याला मोल असते. सीईटीत दंड नाही, म्हणूनच सगळा भार वेगावर येतो. त्यातही 75 प्रश्न तार्किक क्षमतेचे आणि 25 आकृत्यांचे असतात. अर्धी प्रश्नपत्रिका व्यापणारा हा भाग बी.कॉम., बी.एस्सी. किंवा बी.ए.च्या वर्गात सहसा कोणी शिकवत नाही. वर्तुळाकार बैठकीच्या, म्हणजे गोलात कोण कुठे बसले आहे हे ओळखण्याच्या कोड्यात माहिती कोणत्या क्रमाने मांडायची, हे अनेक कोडी घड्याळ लावून सोडवल्यानंतरच हाताला कळते. परीक्षेच्या खोलीत ते प्रथमच शिकायला वेळ नसतो.

90 पर्सेंटाइल म्हणजे 90 टक्के गुण नव्हेत. एक लाख उमेदवार बसले, तर 90 पर्सेंटाइल मिळवणाऱ्याच्या पुढे सुमारे दहा हजार जण असतात, आणि मुंबईच्या जमनालाल बजाज या व्यवस्थापन संस्थेतील खुल्या प्रवर्गाच्या जागा 99 पर्सेंटाइलच्याही वर संपतात.

या संदेशाने सर्वाधिक नुकसान होते ते मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचे. प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते, त्यामुळे त्यांची सेकंदे भाषेच्या 50 प्रश्नांतच नव्हे, तर तर्काचा आणि गणिताचा प्रत्येक प्रश्न वाचण्यातही खर्च होतात. वाचनाचा हा वेग रोज एखादा इंग्रजी अग्रलेख वेळ लावून वाचल्याने काही महिन्यांत खरोखर वाढतो; माझ्या डोळ्यांसमोर तो वाढलेला आहे. अभ्यास लागत नाही, असे ज्यांना सांगितले जाते, त्यांचे नेमके हेच महिने हातचे जातात.