फक्त पाच मिनिटांसाठी अ‍ॅडमिन द्या ना

हे वाक्य मी रोज ऐकतो. अ‍ॅडमिन म्हणजे लॅपटॉपवर हवं ते टाकायची, बदलायची पूर्ण परवानगी. म्हणजे शब्द थोडे इकडेतिकडे होतात, कुणी पाच मिनिटं म्हणतं कुणी "एवढं एकदाच" म्हणतं, पण सूर तोच, आठवडे बाजारातल्या घासाघिशीचा. मी पुण्यातल्या एका कंपनीच्या आयटी सपोर्टला आहे, आणि आमचे अर्धे लोक घरून काम करतात, कुणी साताऱ्यात, कुणी जळगावात, एकजण तर रत्नागिरीला आंब्याच्या बागेत बसून कोडिंग करतो असं म्हणतात. लॅपटॉप कंपनीचा आहे, त्यावर काय टाकायचं ते कंपनी ठरवणार, एवढी साधी गोष्ट आहे. पण लॅपटॉप ज्याच्या मांडीवर, तो म्हणतो माझा.

पहिलं भांडण इथंच होतं, की "झूम तर बसलं, तुमचं अ‍ॅडमिन न विचारता, मग हे का बसत नाही?" आता त्यांना कसं सांगू की झूम, क्रोम ही मंडळी गपचूप आपल्या प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये पथारी पसरतात, त्यांना सगळ्या सिस्टीमची किल्ली लागतच नाही, आणि तुम्ही आणलेला तो फुकट पीडीएफ एडिटर सिस्टीममध्ये शिरून सोबत दोन टूलबार आणि एक "पीसी फास्ट करा" वाला घेऊन येणार आहे. सांगितलंच तर उत्तर येतं, "म्हणजे तुमचा आमच्यावर विश्वास नाही का?" साहेब, तुमच्यावर आहे हो, तुमच्या चौथीतल्या मुलावर नाही.

प्रिंटरचं तर विचारूच नका. 2021 मध्ये शाळा ऑनलाइन होत्या, वर्कशीटच्या प्रिंट काढायच्या म्हणून घराघरात प्रिंटर आले, आणि त्याच जुलैत विंडोजच्या प्रिंटिंगमध्ये ते प्रिंटनाइटमेअर नावाचं भगदाड सापडलं. ते बुजवायला ऑगस्टमध्ये अपडेट आला आणि तेव्हापासून शेअर केलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारं सॉफ्टवेअर, टाकायलाही अ‍ॅडमिन लागायला लागलं. झालं. सगळ्या महाराष्ट्रातल्या वर्कशीटा माझ्या गळ्यात. एक आई फोनवर म्हणाल्या, "सर, उद्या ईव्हीएसची टेस्ट आहे." मी काय बोलणार, तिच्या तक्रारीच्या तिकीटात प्रायॉरिटी हाय टाकली.

पण खरी कसोटी म्हणजे महिन्याची 20 तारीख. जीएसटीआर-3बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायची शेवटची तारीख. अकाउंट्सच्या मॅडम साताऱ्याहून काम करतात, त्यांच्याकडे डीएससीचा, म्हणजे डिजिटल सही करायचा टोकन असतो, पेनड्राइव्हसारखा, त्याचा ड्रायव्हर लागतो, वर ते एमसाइनर नावाचं सहीचं सॉफ्टवेअर लागतं. नेमका त्याच संध्याकाळी ड्रायव्हर रुसला. मी रिमोटने त्यांच्या स्क्रीनवर गेलो, इन्स्टॉलवर क्लिक केलं आणि माझ्याकडे सगळं काळं. ही व्हिस्टाच्या काळापासूनची, म्हणजे 2007 पासूनची देणगी, परवानगी विचारणारी चौकट सुरक्षित पडद्यावर येते, ती मॅडमना दिसते, मला दिसत नाही. म्हणजे अ‍ॅडमिनचा पासवर्ड त्यांनीच टाकायचा आणि मी फोनवर सांगायचा.

आता हा पासवर्ड माणसाने केलेला नाही, लॅप्स नावाची यंत्रणा प्रत्येक लॅपटॉपला वेगळा करते आणि ठरल्या दिवसांनी आपणच बदलते. 14 अक्षरं. देवाने ही भाषा बोलायला दिलेली नाही.

"मॅडम, स्मॉल एल. लातूरचा एल."

"लातूर स्मॉल कसं सर, जिल्हा आहे ना?"

"जिल्हाच आहे, पण स्मॉल. आता महिरपी कंस."

"अय्या, गणितातला?"

"हो, पीच्या शेजारचं बटण, शिफ्ट धरून."

"गोल का चौकोनी?"

"महिरपी, मॅडम."

मागून त्यांच्या सासूबाईंचा आवाज, "काय गं, काय मागतायत? ओटीपी देऊ नकोस हां!" तेवढ्यात ती चौकट वाट बघून बघून बंद झाली. पुन्हा क्लिक, पुन्हा काळं, पुन्हा लातूर. दिसतात नुसती टिंबं, चौदा झाली का पंधरा ते मॅडम बोट लावून मोजणार. शेवटी बसला एकदाचा. रिटर्न भरलं. मग मी म्हटलं, आता व्हीपीएन लावून ठेवा, म्हणजे लॅपटॉप कंपनीच्या नेटवर्कला जोडला जाईल आणि पासवर्ड बदलेल. मॅडम म्हणाल्या, "बदलू नका ना सर, आत्ताशी पाठ झालाय."

लोक विचारतात की एवढं आहे तर सगळ्यांना कायमचं अ‍ॅडमिन देऊन का टाकत नाही. दिलं होतं ना, आधी लॉकडाऊनच्या गडबडीत सगळ्यांना देऊन टाकलं होतं, कोण बघतंय तेव्हा. नंतर यादी काढली तर त्यात क्रॅक केलेलं फोटो एडिटर, कुंडली सॉफ्टवेअर, तीन तीन अँटिव्हायरस एकमेकांना व्हायरस समजून भांडत बसलेले. काढून घेतलं तर जणू कुणाची जमीनच बळकावली, मेलवर मेल. मंजूर सॉफ्टवेअरची एक यादी आता कंपनी पोर्टलवर ठेवलीय, तिथून स्वतः टाका, अ‍ॅडमिन लागत नाही, मला फोन लागत नाही. ते कुणी उघडत नाही. फोन सोपा पडतो.

आणि वरच्या साहेबांचं तिकीट नसतंच, त्यांचा डायरेक्ट फोन असतो. गेल्या महिन्यात त्यांनीच सगळ्या कंपनीला मेल टाकला, यापुढे कुणालाही, कोणत्याही कारणाने अ‍ॅडमिन राइट्स मिळणार नाहीत, कडक पॉलिसी, सुरक्षेशी तडजोड नाही, वगैरे. मला मनापासून बरं वाटलं. मेल वाचून संपतोय तोवर त्यांचाच फोन.

"मेल बघितलास ना? छान झालाय ना? बरं ऐक, माझं चालू ठेवलंयस ना?"