गिरिपुष्पाच्या खोडावर करंजाची पाटी

आज सकाळपासून डोकं तडकलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार आहे. वेळ नसेल त्यांनी लाइक करून पुढे जा, राग नाही.

आमच्या टेकडीवरच्या पायवाटेची 'निसर्गवाट' करायचं कुणीतरी ठरवलंय. कुणी, ते लिहीत नाही. दोन्ही बाजूंच्या झाडांना पाट्या लागतायत. देशी झाडाला हिरवी, विदेशी झाडाला लाल, खाली क्यूआर कोड, स्कॅन केला की फोनवर माहिती. ऐकायला छानच. आणि आज बघते तर गिरिपुष्पाच्या खोडावर हिरवी पाटी: 'करंज. देशी वृक्ष.' तीही दोन खिळ्यांनी ठोकलेली.

गिरिपुष्प! मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं झाड. माझ्या फ्रेंडलिस्टमधल्या निम्म्या लोकांनी गेली कित्येक वर्षं त्याच्या नावाने खडे फोडलेत, आणि इथे त्यालाच देशीचं सर्टिफिकेट.

पाट्या लावणारा मुलगा तिथेच होता. विशीतला, पाठीवर सॅक, हातात हातोडी. म्हटलं, "अरे, हा करंज नाहीये." तर म्हणतो, "मॅडम, यादी वरून आलीय." यादी कुणी केली? "सर्व्हे झालाय ना. ॲपवर फोटो टाकून." आणि लगेच करून दाखवलं. एका पानाचा फोटो काढला, दोन सेकंद चक्र फिरलं, आणि फोन म्हणाला करंज. "बघा!"

काय बघा? दोन्हींची पानं संयुक्त, मधल्या देठाच्या दोन्ही बाजूंना पर्णिका, म्हणजे छोटी छोटी पानं, एवढंच त्या फोटोत दिसतं. आधार कार्डावरचा फोटो बघून गर्दीतला माणूस ओळखण्यासारखं आहे हे. पान हातात घेतलं असतं तरी कळलं असतं. करंजाच्या पर्णिका मोजक्या, पाच-सात, फार तर नऊ, जाडसर आणि तुकतुकीत. गिरिपुष्पाच्या पातळ, संख्येने जास्त, आणि पान उलटं केलं की फिक्या पाठीवर बऱ्याचदा जांभळट डाग दिसतात. शेंग बघितली असती तर वादच नव्हता. करंजाची शेंग आखूड, चपटी, टणक, आत बहुधा एकच बी, आणि ती झाडावर आपोआप तडकत नाही. गिरिपुष्पाची लांबट शेंग उन्हाळ्यात फाटकन उकलते, दोन्ही फाकी पिळवटतात आणि बिया लांब उडतात. त्या पिळवटलेल्या वाळक्या फाकी त्याच झाडाखाली पडल्या होत्या. त्यातली एक त्या मुलाच्या बुटाखाली होती.

आणखी एक. करंजाचं धड पान शोधून दाखवा. कुठे पुटकुळ्या आलेल्या, कुठे कडा कुरतडलेल्या, कुठे अळीने पानाच्या आत पोखरलेल्या पांढऱ्या रेघा. काही फुलपाखरांच्या अळ्याही त्यावर वाढतात. बघायला आजारी वाटतं, पण त्याचा अर्थ एवढाच की इथल्या किड्यांची त्या झाडाशी फार जुनी ओळख आहे. आणि पाटीवाल्या झाडाची पानं? पुष्कळशी कोरी करकरीत. माझ्यासाठी तेवढी खूण पुरे होती.

बरं, मान्य. गिरिपुष्पाने उघड्या टेकड्या झटपट हिरव्या केल्या, त्याची मुळं जमिनीत नत्र धरतात, पाला खताला चालतो. झालं, लिहिलं मी. पण म्हणून तो करंज होत नाही.

किडे म्हटल्यावर आठवलं म्हणून सांगते, थोडं विषयांतर. फड्या निवडुंग आपल्याकडचा नव्हे, अमेरिकेतून आलेला. १७९५ मध्ये ब्राझीलमधून भारतात एक किडा आणला गेला. आणणाऱ्यांना वाटलं हा कोचिनिअलचा, म्हणजे ज्याच्यापासून लाल रंग मिळतो तो किडा. तो निघाला त्याचा भाऊबंद. रंगाचं काही जमलं नाही, पण त्या किड्याने फड्या निवडुंगाच्या एका जातीचा फडशा पाडला. किड्याच्या मदतीने तण आटोक्यात आणण्याचं जगातलं पहिलं नोंदलेलं उदाहरण म्हणून हे सांगतात, आणि ते घडलं किडा ओळखण्यात चूक झाली म्हणून! गंमत पुढे आहे. शेजारी दुसऱ्या जातीचा फड्या होता, त्याचं या किड्याने काहीच बिघडवलं नाही. त्यासाठी १९२६ मध्ये वेगळा किडा आणावा लागला. दोन फड्यांमधला फरक माणसांना धड दिसत नव्हता तेव्हा त्या इवल्या किड्याला तो पक्का कळत होता. आणि आपण २०० वर्षांनी हातात कॅमेरा घेऊन करंज आणि गिरिपुष्प यांत गोंधळ घालतोय.

त्या वाटेवर निवडुंगाच्याही पाट्या आहेत बरं का. त्रिधारी निवडुंग आणि फड्या, दोघांनाही लाल. त्रिधारीचा तुकडा मोडला की पांढराशुभ्र चीक येतो, फड्याला तसा चीक नाही, दोघांची कुळंच वेगळी. त्रिधारी इथला आहे. पण काटे दिसले ना, मग लाल.

पुढे गेले तर घाणेरीजवळ दोन कॉलेजच्या मुली थांबलेल्या. घाणेरीला लाल पाटी होती, बरोबर होती, मी खूश. ब्रिटिशांनी शोभेसाठी आणलेली, १९ व्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या बागेत लावलेली, आणि आज देशभराच्या जंगलात जिचं काय करावं ते भल्याभल्यांना कळत नाहीये ती हीच. एक मुलगी म्हणाली, "पण किती फुलपाखरं आहेत हिच्यावर." आहेतच. खोटं कशाला बोलू? त्या गुच्छात मधली ताजी फुलं पिवळी असतात आणि कडेची जुनी गुलाबी-केशरी. रंग बदलला की त्यात मध फारसा उरलेला नसतो. फुलपाखरं बहुतेकदा पिवळ्यावरच बसतात, बघत बसलात तर दिसेल. पक्षी तिची काळी फळं खातात आणि बिया सगळीकडे पोचवतात. म्हणून तर ती एवढी पसरली. फुलपाखराला मध मिळतो म्हणजे त्याची सोय झाली असं नाही, त्याच्या अळीला खायला पानं हवीत आणि ती बहुतेकांना घाणेरीवर मिळत नाहीत. हे कुठल्या पाटीवर आहे? कुठल्याच नाही. क्यूआर कोडही स्कॅन करून बघितला. शास्त्रीय नाव, कुळ, 'शोभेची वनस्पती'. संपलं.

हिरव्या पाट्यांचं तर काय सांगावं. रानतुळशीला हिरवी! का, तर वास येतो आणि खोड चौकोनी आहे. उष्णकटिबंधीय अमेरिकेतून आलेली आहे ती, पान चुरगळलं तर वास कसा डोक्यात जातो, आणि फुलं गळून गेली की मागे राहणारे काटेरी दातांचे पेले हाताला टोचतात. ज्याने एकदा हात लावला तो पुन्हा तुळशीत आणि तिच्यात गोंधळ करणार नाही. पण हात लावलाय कुणी?

आणि कॉसमॉस. अरे देवा, कॉसमॉस. वाटेच्या वळणावर पूर्ण उतार केशरी-पिवळा झालाय, त्यासमोर लोक सेल्फी काढतायत आणि पाटी म्हणतेय 'पावसाळी रानफुले'. मेक्सिकोकडचं बागेतलं फूल ते. कुणीतरी हौसेने बी फेकलं असणार. बीला टोकाला काटेरी शेंड्या असतात, त्या कपड्यांना चिकटून बी पुढच्या टेकडीवर जातं. त्याच उतारावर सोनकी, आपलं पिवळं रानफूल, फुलायची. अजून आहे, पण कडेला, खडकाच्या आडोशाला. सोनकी फक्त आपल्या पश्चिम घाटाच्या भागातली, जगात दुसरीकडे नाही. तिला पाटीच नाही, कारण ती गुडघ्याएवढी आहे आणि तिच्यात खिळा ठोकता येत नाही.

इथे मला खरा राग आला. म्हणजे करंजापेक्षाही जास्त.

कारण ही टेकडी मुळात गवताची. इथे पवन्या आणि कुसळी ही गवतं, मध्ये बोर, हिवर, उतारावर धावडा, ओढ्याकाठी पळस. पावसाळ्यात गवतात आमरी (जमिनीवरचं ऑर्किड) उगवते आणि महिन्या-दोन महिन्यांत संपून जाते. हे सगळं 'ओसाड' म्हणायचं, खड्डे खणायचे आणि झाडं लावायची. वरच्या सपाटीवर अर्जुन लावलाय, त्याला हिरवी पाटी. अर्जुन देशी आहे, कोण नाही म्हणतंय? पण तो नदीकाठचा. त्याला मुरमाड टेकडीच्या डोक्यावर उभं केलंय, टँकरने पाणी घालतायत, आणि खाली 'देशी वृक्ष'. देशी म्हणजे नेमका कुठला? या मातीतला, या उतारावरचा, की नकाशाच्या आत कुठलाही? हे विचारलं की लोक म्हणतात, तुम्ही फार ताणता. ताणते.

परत त्या मुलाकडे येते, कारण मघाशी त्याला जरा जास्तच बोलले. त्याला पाटीमागे पैसे मिळतात, पाटीवर काय लिहिलंय ते त्याच्या हातात नाही. मी बडबडून थांबले तेव्हा त्याने हातोडी खाली ठेवली आणि विचारलं, "मग काकू, ओळखायचं कसं?" (मॅडमची काकू झाले होते तोवर.) मग त्याला ऑस्ट्रेलियन बाभळीपाशी घेऊन गेले. पाटी बरोबर होती, लाल. म्हटलं, पान दाखव. त्याने विळ्यासारखं लांबट पान तोडलं. म्हटलं, हे पान नाहीच, हा देठ आहे, रुंद झालेला. विश्वास बसेना. मग खाली उगवलेलं वीतभर रोप शोधलं. त्याच्या तळाशी बारीक बारीक पिसासारखी पानं, अगदी आपल्या बाभळीसारखी. त्याच्या वर एक पान असं की टोकाला पिसं आणि खालचा देठ चपटा होत चाललेला. आणि शेंड्याला नुसते चपटे देठ, पिसं गायब. तिन्ही एकाच वीतभर काडीवर. तो उकिडवा बसून किती वेळ बघत होता. म्हणाला, "ॲपला हे रोप दाखवलं तर?" दाखवलं. ॲपने दर पानाला वेगळं उत्तर दिलं. आम्ही दोघंही हसलो.

पण हसण्यावारी नेण्यासारखं नाही हे. लाल पाटीच्या मागोमाग कोयता येतो. पुढच्या महिन्यात 'विदेशी हटाव' श्रमदान आहे म्हणे. उत्साही मंडळी येणार, हातमोजे, टोप्या, फोटो. मोठ्या झाडांना पाट्या आहेत, रोपांना नाहीत. वर सांगितलेलं पिसासारख्या पानांचं रोप खैर समजून आळं करून जपणार, आणि खरा खैर, काटे आहेत म्हणून, उपटून ढिगावर टाकणार. पळसाची तीन पानांची रोपं झुडूप म्हणून जाणार. लिहून ठेवा. गाजरगवत उपटायला या ना, मी पण येते. १९५० च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि मग ते देशभर गेलं, त्याला ओळखायला तज्ज्ञ लागत नाही, आणि फुलायच्या आत उपटलं तर उपयोगही होतो. पण ते बसकं, मळकं काम, त्यात फोटो चांगले येत नाहीत.

आता कमेंटमध्ये ठरलेला प्रश्न येणार: चिंच आफ्रिकेची, मिरची अमेरिकेची, मग तीही उपटायची का? नाही उपटायची. चिंच येऊन शतकं लोटली, ती बांधावर उभी आहे, टेकडी गिळत सुटलेली नाही. बाहेरून आलेलं प्रत्येक झाड गुन्हेगार नसतं, आणि हे मला शिकवायची गरज नाही. गुलमोहर मादागास्करचा आहे, असू दे. पण मग त्याच्या पाटीवर तसं लिहा: कुठून आला, इथे काय करतो, स्वतःहून पसरतो की लावला तरच उगवतो. दोन रंगांत हे मावत नाही. वाटेच्या शेवटी देवळाजवळ पांढरा चाफा आहे, तोही मेक्सिकोच्या बाजूचा, त्याला अजून पाटी नाही. लाल लावायची हिंमत आहे का बघू. नसेल तर रंगच काढून टाका सगळ्यांचे.

ज्यांच्याकडे ती यादी आहे आणि जे ही पोस्ट वाचतायत (वाचतायत, मला माहीत आहे), त्यांनी उरलेल्या पाट्या छापायच्या आधी यादी मला पाठवा. फुकट तपासून देते. शेंगा, फुलं, साल, सगळं बघून, आणि जे आत्ता ओळखता येणार नाही ते फुलेपर्यंत थांबा, त्याची पाटी उन्हाळ्यात लावा, कुणी मरत नाही. खिळे आजच काढा. पाट्या जमिनीत खांब रोवून लावा, म्हणजे सोनकीलाही मिळेल एक.

रविवारी सकाळी मी वर जाणार आहे. येणार असाल तर कमेंट करा. भिंग असेल तर आणा, कॉसमॉस आणि सोनकीची पानं शेजारी शेजारी धरून दाखवते. सोनकीचं पान अखंड, नुसती दातेरी कडा, कॉसमॉसचं चिरत चिरत गेलेलं. आणि कृपा करून कुणी फुलं तोडू नका, परवा कुणीतरी आमरी उपटून इन्स्टावर टाकलीय, त्यावर वेगळी पोस्ट लिहीन.