कागद दाखवायला काय जातं?

घुसखोर, परप्रांतीय हा विषय फोनवर निघाला की भारतातली मंडळी हटकून एकाच वाक्यावर येतात: "ज्याने काही केलं नाही, त्याला कागद दाखवायला काय जातं?"

काय जातं ते १९१८ साली इथल्या, अमेरिकेतल्या, जर्मनांनी सांगितलं असतं. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका जर्मनीविरुद्ध पहिल्या महायुद्धात उतरली त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष विल्सनने १७९८चा परकीय शत्रू कायदा बाहेर काढला. नागरिकत्व न मिळालेला चौदा वर्षांवरचा प्रत्येक जर्मन पुरुष शत्रू. नागरिकत्वासाठीचा 'पहिला कागद' भरला असला तरी शत्रूच. बंदूक बाळगायची नाही, दारूगोळ्याच्या कारखान्यापासून अर्ध्या मैलात फिरकायचं नाही. नोव्हेंबरात गोदीपासून शंभर यार्डांची मनाई आली. न्यू जर्सीतल्या होबोकन बंदराच्या धक्क्यालगत ज्याचं बिऱ्हाड, त्याने गाठोडं बांधायचं.

फेब्रुवारी १९१८ मध्ये या सगळ्यांची नोंदणी. शहरात पोलीस ठाण्यात, खेड्यात पोस्टात. अर्ज तीन प्रतींत. फोटो चार, ३ बाय ३ इंचांच्या आतले, पातळ कागदावर, मागे फिकट रंग. चेहरा झाकणार नाही अशी फोटोवरच सही. वर बोटांचे ठसे. कार्ड सतत खिशात, घर बदलायचं तर आधी परवानगी. जूनमध्ये बायकांची पाळी आली. १९०७च्या कायद्याने परदेशी नवरा केला की अमेरिकन बाईचं नागरिकत्व जाई. त्यामुळे ओहायोत जन्मलेली, जर्मनी कधी न पाहिलेली बाईही ठसे द्यायला रांगेत.

नोंदले गेले सुमारे ४,८०,०००, छावणीत गेले काही हजारच. म्हणजे बाकीचे सुटले? मे १९१८ मध्ये आयोवाच्या गव्हर्नरने इंग्रजीखेरीज दुसरी भाषा फोनवरसुद्धा बोलायला बंदी घातली. (भाषेच्या पाट्यांवरून भांडणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.) त्याआधी एप्रिलमध्ये इलिनॉयच्या कॉलिन्सव्हिलमध्ये जमावाने रॉबर्ट प्रागर या जर्मनाला झाडाला लटकवलं. त्याने नौदलात भरती व्हायची खटपट केली होती. आरोपी निर्दोष सुटले.

इथे निदान कोर्ट ऐकतं, असं आम्ही ऐटीत सांगतो. ऐकलं खरं: मुलाला जर्मन शिकवल्याबद्दल नेब्रास्कातल्या शिक्षकाला झालेला २५ डॉलरचा दंड सुप्रीम कोर्टाने चुकीचा ठरवला. पण १९२३ मध्ये. आणि नगरच्या छावणीत इंग्रजांनी दोन्ही महायुद्धांत जर्मन कोंडले होते, ते आम्हाला तरी कुठे आठवतं?

१७९८चा तो कायदा अजून जिवंत आहे; २०२५ मध्ये व्हेनेझुएलावाल्यांवर उगारला गेला. आमचं ग्रीन कार्ड म्हणजे तरी काय, पहिल्या कागदाच्याच जातीचं. ते सतत जवळ ठेवायचं, घर बदललं की दहा दिवसांत एआर-११ हा पत्ताबदलाचा फॉर्म भरायचा. तरीही फॅमिली ग्रुपवर "काय जातं?" आलं की अंगठा देणाऱ्यांत न्यू जर्सीतल्या आमच्याच एडिसनचे नंबर कमी नसतात.