उठसूट एल-हॉस्पिटल

पहिल्या सेमिस्टरला आलात, अभिनंदन. सेशनलचे पेपर परवाच तपासून झाले, गठ्ठा अजून टेबलावरच आहे. तो बघता तुमच्यातल्या बऱ्याच जणांना सल्ल्याची गरज आहे असं वाटत नाही, तुम्ही स्वयंभू आहात. तरीही हिवाळी परीक्षेच्या आधी काही कसर राहायला नको, म्हणून कॅल्क्युलससंबंधी चार गोष्टी सांगून ठेवतो. नीट पाळल्या तर बॅक हमखास लागते, म्हणजे विषय राहतो.

पहिले दोन आठवडे वर्गात येऊच नका. लिमिट म्हणजे काय, एक्स एखाद्या किमतीकडे सरकला की उत्तर कशाकडे सरकतं, डावीकडून जाणं आणि उजवीकडून जाणं वेगळं का मोजायचं, सलगता कशाला म्हणायचं, एवढंच तर असतं त्यात. बारावीत झालेलंच आहे. या दोन आठवड्यांवर पुढचे तीन महिने उभे असतात, त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात येऊन बसलात की सगळं एकसारखं अगम्य वाटतं, कुठे जास्त कुठे कमी असा भेदभाव राहत नाही. मध्येच पोळा येतो. तान्ह्या पोळ्याची सुटी घ्यायलाच पाहिजे. लाकडी बैल घेऊन दारोदार फिरायचं तुमचं वय अजून गेलेलं नाही, अठराच तर आहे. मग गणपती, मग देवी, मग दिवाळी. दिवाळीनंतर ७५ टक्के हजेरीचा हिशोब करायचा: ६० तास झाले तर ४५ हवेत, म्हणजे १५ बुडवता येतात, १२ बुडाले, ३ शिल्लक. हे गणित मात्र तुमचं कधी चुकत नाही. कॅल्क्युलेटरही लागत नाही त्याला.

वर्गातल्या एका तासामागे घरी दोन तास बसावं, असं जुने लोक सांगतात. आठवड्याला चार तासांच्या विषयाला घरचे आठ. तुम्ही त्या आठ तासांऐवजी झेरॉक्सवाल्याकडून ‘आयएमपी’ आणा, महत्त्वाच्या म्हणवल्या जाणाऱ्या प्रश्नांचा गठ्ठा. वीस पानं, चाळीस रुपये, शांत झोप.

असाइनमेंट मोबाईलकडून करून घ्यायची. प्रश्नाचा फोटो काढला की ॲप पायऱ्यांसकट उत्तर देतं. पायऱ्या वाचायच्या नाहीत, उतरवायच्या. वाचल्या तर उगाच कळेल की ‘एक वजा कॉस एक्स भागिले एक्सचा वर्ग’ हे लिमिट काढायला ॲपनं टेलरची सीरिज वापरली आहे, म्हणजे कॉस एक्सच्या घातांच्या बेरजेत उलगडून लिहिला आहे, आणि ती सीरिज आपल्याकडे अजून शिकवायचीच आहे. त्या सीरिजच्या शेवटी एक मोठा ‘ओ’ असतो, कंसात एक्सचा चौथा घात. यापुढची पदं एक्सच्या चौथ्या घाताच्या मापाची किंवा त्याहून बारकी आहेत, एवढंच तो सांगत असतो. तो ओ वहीत शून्य म्हणून उतरवा. शून्य गुणिले एक्सचा चौथा घात. पुढच्या ओळीत, शून्यच आहे म्हणून, ते खोडा. उत्तर एक द्वितीयांश येतं आणि बरोबरही येतं! एका वहीत शून्य, तिच्याखालच्या वहीत शून्य, तिच्याखालच्या वहीत तेच शून्य, तितकंच गोल. इतक्या पोरांना एकाच रात्री एकच शून्य सुचावं हा योगायोग मोठा आहे, पण आपण श्रद्धाळू माणसं.

शून्याने बेधडक भागा. झीरो माईलच्या नागपुरात राहून शून्याला काय भ्यायचं.

कॅल्क्युलेटरचा मोड कधीही तपासू नका. एक्स शून्याकडे जाताना ‘साइन एक्स भागिले एक्स’ एकाकडे जातं, हे पुस्तकात छापलेलं असतं, पण पुस्तकावर कोण विश्वास ठेवतो? एक्सच्या जागी ०.००१ घालून पाहा, ०.०१७४५ येईल. तेच लिहा, खाली दोन रेघा मारा. स्क्रीनच्या वरच्या पट्टीत बारीकसा ‘डी’ दिसत असतो, म्हणजे यंत्र तुमचं ०.००१ अंशात मोजतंय. रेडियन हे कोनाचं दुसरं माप, एक अंश म्हणजे पाय भागिले १८० रेडियन, आणि ते ०.०१७४५ म्हणजे नेमकं हेच पाय भागिले १८०. कॅल्क्युलसमधली साइन-कॉसची सगळी सूत्रं रेडियनमध्येच खरी असतात. अंशात साइनचं डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा दर, नुसतं कॉस येत नाही, दर वेळी हा पाय भागिले १८० मागे शेपटासारखा येतो. कॅसिओच्या ईएस प्लसवर शिफ्ट, मोड, मग ४, एवढ्या तीन बटणांचं काम आहे. पण तुम्ही नका करू. बोटं दुखतील.

चेन रूलमध्ये बाहेरचं सोडवलं की थांबायचं. साइनच्या पोटात ३ एक्स वर्ग असेल तर साइनचं कॉस केलं की झालं. आतलं ६ एक्स बाहेर आणून गुणायचं राहिलं तर राहिलं. संत्र्याची साल काढायची आणि फोडी तशाच ठेवून उठायचं.

‘लिम’ हा शब्द पहिल्या ओळीत एकदा लिहिला की पुरे. दर ओळीत लिहायला शाई काय फुकट येते?

बंद अंतरालावर महत्तम काढताना टोकं बघू नका. डेरिव्हेटिव्ह शून्य कुठे होतं तेवढं शोधा आणि घरी जा.

आता मुख्य उपचाराकडे येऊ. कुठलंही लिमिट दिसलं की एल-हॉस्पिटलचा नियम लावायचा, म्हणजे अंशाचं आणि छेदाचं वेगवेगळं डेरिव्हेटिव्ह काढून त्यांच्या भागाकाराचं लिमिट बघायचं. त्या माणसाचं नाव खरं तर लोपिताल, पण आपल्याकडे त्याचं हॉस्पिटल झालं ते झालं. आता सुधारायला गेलो तर प्रश्न कुणाबद्दल आहे तेच कळायचं नाही. हा फ्रेंच सरदार माणूस. १६९४ मध्ये त्यानं गणिती योहान बेर्नूलीशी करार केला, वर्षाला ३०० लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) देतो, तुझे शोध मला कळव. १६९६ मध्ये त्याचं पुस्तक निघालं आणि त्यात हा नियम आला. म्हणजे नियम एका अर्थानं विकतचाच. पण विकत घेणाऱ्यानंही अट वाचून घेतला होता. अट अशी की किमतीच्या जागी अंशही शून्याकडे जायला हवा आणि छेदही. पुढे दोन्ही अनंताकडे जात असतील तरी चालतं हे त्यात आलं. बाकी कुठेही चालत नाही.

तुम्हाला अटीशी काय करायचंय? सेशनलमध्ये दोन मार्कांचा, बोहनीचा म्हणून एक प्रश्न होता: एक्स एकाकडे जाताना ‘एक्स वर्ग अधिक १, भागिले एक्स अधिक १’. एक्सच्या जागी एक घाला. वर दोन, खाली दोन, उत्तर एक. चौथीतलं पोरगं करेल. या प्रश्नाला साधी सर्दीही झालेली नव्हती, आणि तुम्ही त्याला थेट मेडिकलच्या आयसीयूत भरती केलं. वरचं डेरिव्हेटिव्ह २ एक्स, खालचं १, उत्तर दोन. काही जण त्याहून हुशार. त्यांनी वरचं वेगळं आणि खालचं वेगळं न करता अख्ख्या अपूर्णांकाला भागाकाराचा नियम लावला आणि एक द्वितीयांश आणलं. एक प्रश्न, तीन उत्तरं, आणि बरोबर असलेलं सगळ्यात कमी पेपरांत!

पुढचा प्रश्न त्याहून गमतीचा. ‘ई चा एक्स घात, वजा १, वजा एक्स, भागिले एक्स वर्ग’, एक्स शून्याकडे. इथे हॉस्पिटलची खरोखर गरज आहे. वर शून्य, खाली शून्य. एकदा लावला, ‘ई चा एक्स घात वजा १ भागिले २ एक्स’, पुन्हा शून्य भागिले शून्य. दुसऱ्यांदा लावला, ‘ई चा एक्स घात भागिले २’. रुग्ण बरा झाला. वर एक, खाली दोन, डिस्चार्ज द्या! पण नाही. तुम्ही तिसऱ्यांदा ऑपरेशन केलं. वर ई चा एक्स घात, खाली शून्य, उत्तर इन्फिनिटी. अरे काहून? बरा झालेला माणूस मारून टाकला तुम्ही. आणि मारून वर पेपराच्या समासात ‘हेन्स प्रूव्हड’ लिहिलं. काय प्रूव्ह केलं? प्रश्नात काही प्रूव्ह करायला सांगितलंच नव्हतं!

आणि ‘साइन एक्स भागिले एक्स’ लाही तुम्ही हाच नियम लावता. साइनचं डेरिव्हेटिव्ह कॉस आहे हे सिद्ध करताना हेच लिमिट वापरावं लागतं, म्हणजे तुम्ही ज्या फांदीवर बसलात तिचाच पुरावा तिच्याकडे मागता. ‘एक्स अधिक साइन एक्स भागिले एक्स’, एक्स अनंताकडे, याला लावा नियम. वर ‘१ अधिक कॉस एक्स’, खाली १. कॉस डोलत राहतो, लिमिट कुठे स्थिरच होत नाही. म्हणून तुम्ही लिहिता, लिमिट नाही. लिमिट आहे. अंश आणि छेद दोन्हींना एक्सनं भागा, ‘१ अधिक साइन एक्स भागिले एक्स’, दुसरं पद मरतं, उत्तर एक. नियमाची आणखी एक अट हीच आहे, की डेरिव्हेटिव्हच्या भागाकाराला लिमिट असायला हवं, तरच मूळ लिमिटबद्दल काही बोलता येतं. फळ्यावर चौकटीत लिहिलं होतं हे, लाल खडूनं. तुम्ही फोटो काढला होतात. फोटो गॅलरीत असेल, तर्री-पोह्यांच्या फोटोखाली.

हे का होतं तेही मला कळतं. सीईटीच्या गणितात ९० मिनिटांत ५० प्रश्न, एकाला १०८ सेकंद, आणि चुकलं तरी मार्क कापत नाहीत. दोन वर्षं तुम्हाला क्लासवाल्यांनी हेच शिकवलं: दिसलं की डेरिव्हेटिव्ह मार, पर्यायात बसलं की क्लिक कर. त्यात तुमचा दोष अर्धाच. पण सीईटी होऊन गेली. इथे पर्याय नाहीत, कोऱ्या ओळी आहेत, आणि त्या ओळींत उत्तराच्या आधी काय लिहिलंय ते वाचलं जातं.

रोलचं प्रमेय वापरताना तीन अटी तपासू नका: सलगता, आत सगळीकडे डेरिव्हेटिव्ह असणं, दोन्ही टोकांना सारखी किंमत. उणे एक ते एकमध्ये एक्सचं निरपेक्ष मूल्य घ्या, दोन्ही टोकांना किंमत एक, झालं, मध्ये कुठेतरी डेरिव्हेटिव्ह शून्य असणारच. कुठे? शून्यापाशी आलेखाला कोपरा आहे, तिथे डेरिव्हेटिव्हच नाही. बाकी डावीकडे उणे एक, उजवीकडे एक. शोधा.

रात्री पावणेबाराला ‘सर उद्या कोणतं चॅप्टर’ असा मेसेज टाका. नाव लिहू नका, ओळखू येतं.

आणि पेपर हातात मिळाले की स्टाफरूमच्या दाराशी रांग लावा. ही सगळ्यात महत्त्वाची सूचना. पेपर उघडून कुठे चुकलं ते बघण्यात वेळ घालवू नका, थेट शेवटच्या पानावरची बेरीज बघा. मग म्हणा, “सर, स्टेप मार्क तरी द्या ना.” कोणत्या स्टेपचे? लागू नसलेला नियम लावण्याच्या स्टेपचे? पाच मार्कांच्या प्रश्नात एक मार्क अट तपासल्याचा असतो, तो तुम्ही लिहिलीच नाहीत म्हणून गेला. बाकीचे त्या न लिहिलेल्या ओळीमुळे गेले. मग म्हणा, “सर, पण माझं उत्तर मित्राच्या उत्तराशी जुळतं.” जुळणारच, शून्यही जुळलं होतं. शेवटी बाबांना फोन लावायला सांगा. “आमच्या पोराला बारावीत गणितात ९५ होते.” होते हो, भाऊ. ते तिकडेच राहिले.

मी चौथ्यांदा हीच उत्तरं तपासून राहिलो. दर वर्षी तोच तिसऱ्यांदा लावलेला हॉस्पिटल, तोच ‘डी’. तान्ह्या पोळ्याला मारबतीच्या मोठ्या पुतळ्याची मिरवणूक निघते, तिच्यात लोक ओरडतात ना, रोगराई घेऊन जा गे मारबत. मला वाटतं एखाद्या वर्षी हा गठ्ठाच तिच्या पायाशी ठेवून यावं. पण मारबत निघाली की तुम्ही बघायला जाता, तास बुडवून. गठ्ठा परत तसाच.

आता ऐक, आणि हे गंमत म्हणून नाही. तुला हा विषय येत नाही असं मला अजिबात वाटत नाही. तू तो केलाच नाहीस. लिमिटचा कुठलाही प्रश्न आला की पेन उचलून आधी एक ओळ लिही: अंश कुठे जातो, छेद कुठे जातो. दोन सेकंद लागतात. शून्य-शून्य किंवा अनंत-अनंत नसेल तर नियम ठेवून दे, किंमत घाल, मोकळा हो. असेल तर लाव, आणि लावल्यावर तीच ओळ पुन्हा लिही. दर वेळी. रोज दहा उदाहरणं, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून, आणि चुकलेलं उदाहरण तीन दिवसांनी कोऱ्या पानावर परत. ट्यूटोरियलला रिकाम्या वहीनं येऊ नकोस, अडलेलं घेऊन ये. बावीस मुलांच्या बॅचमध्ये शंका विचारायला दोघं येतात, आणि ती दोघं पास होणारीच असतात! तू काहून येत नाहीस? हसतील म्हणून? सेमिस्टरच्या निकालात कोण हसतं मग?

बर्डीच्या बाजारात जुनी पुस्तकं मिळतात, कुठल्याही लेखकाचं घे, सोडवलेली उदाहरणं झाकून ठेव आणि स्वतः कर. नाही आलं तर एक ओळ उघड, पुन्हा झाक. अख्खं वाचून ‘समजलं’ म्हणू नकोस. वाचून समजतं सगळ्यांनाच.

आणि तो कॅल्क्युलेटर काढ. वरच्या पट्टीत काय दिसतं बघ. मला नको सांगू, शिफ्ट दाब, मोड दाब, ४ दाब.