थंड केलं म्हणजे स्पिन एका दिशेला वळलेच असं नाही

'द्विमितीय इलेक्ट्रॉन प्रणाली जितकी थंड कराल तितकं स्पिन ध्रुवीकरण वाढतं, आणि निरपेक्ष शून्याजवळ सगळे स्पिन एकाच दिशेला असतात.' हे विधान इतकं फिरतं, की विद्यार्थी ते नियम समजून पाठ करतात. (द्विमितीय प्रणाली म्हणजे अतिशय पातळ थरात अडकलेले, फक्त त्या थरातच फिरू शकणारे इलेक्ट्रॉन. स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉनचा अंगभूत चुंबकीय कल, आणि ध्रुवीकरण म्हणजे 'वर' व 'खाली' स्पिनच्या संख्यांतला फरक, एकूण संख्येच्या प्रमाणात.) त्याच्या बाजूने जे सांगितलं जातं ते टिकत नाही.

'उष्णता स्पिनची शिस्त मोडते, ती काढली की शिस्त येते.' पण दिशा ठरवणारं काही नको का? चुंबकीय क्षेत्र नसेल, तर नेहमीच्या घनतेच्या इलेक्ट्रॉन वायूत 'वर' आणि 'खाली' स्पिनच्या पातळ्या सारख्याच भरतात. कितीही थंड करा, ध्रुवीकरण शून्यच.

'क्षेत्र लावलं की झेमान ऊर्जेला, म्हणजे क्षेत्रामुळे दोन स्पिनच्या ऊर्जेत पडणाऱ्या फरकाला, तापमानाने भागा, उत्तर मिळतं.' खरा घोळ इथे आहे. ते सूत्र एकमेकांपासून सुट्या स्पिनचं आहे. गॅलियम आर्सेनाइडचा थर घ्या: दर चौरस सेंटिमीटरला 10¹¹ इलेक्ट्रॉन, थराला समांतर 1 टेस्ला क्षेत्र. तिथे g, म्हणजे स्पिन क्षेत्राला किती प्रतिसाद देतो तो आकडा, साधारण −0.44, म्हणून झेमान ऊर्जा तापमानाच्या मापात जेमतेम 0.3 केल्विनइतकी. सुट्या स्पिनच्या सूत्राने 0.1 केल्विनला 90 टक्के ध्रुवीकरण येतं. पण या थराची फर्मी ऊर्जा (निरपेक्ष शून्याला भरलेल्या सर्वांत वरच्या पातळीची ऊर्जा) 41 केल्विनच्या आसपास आहे. पाउलीच्या नियमामुळे (एका अवस्थेत एकच इलेक्ट्रॉन) खालच्या पातळ्यांतले इलेक्ट्रॉन उलटूच शकत नाहीत, त्यांच्या समोरच्या जागा आधीच भरलेल्या असतात. इलेक्ट्रॉनांमधली परस्परक्रिया बाजूला ठेवून हिशोब केला, तर ध्रुवीकरण 0.4 टक्क्यांहूनही कमी भरतं. परस्परक्रियेने ते वाढतं, पण 90च्या जवळपासही जात नाही. आणि तापमान? द्विमितीय प्रणालीत अवस्थांची घनता, म्हणजे ऊर्जेच्या ठरावीक पट्ट्यात किती जागा आहेत ते प्रमाण, ऊर्जेनुसार बदलत नाही. त्यामुळे 0.1 वरून 10 केल्विनवर गेलात तरी त्या इवल्याशा ध्रुवीकरणातली घट त्याच्या दोन टक्क्यांहून कमी! थंड करण्याचा सगळा खटाटोप इथे जवळजवळ वाया जातो.

'निदान थंड केल्याने ध्रुवीकरण कमी तरी होत नाही.' होतं. क्षेत्र थराला लंब असेल, तर इलेक्ट्रॉनच्या ऊर्जा लँडाऊ पातळ्या नावाच्या सुट्या पायऱ्यांत विभागतात. प्रत्येक पायरीला दोन स्पिन शाखा असतात, आणि इलेक्ट्रॉनांनी किती शाखा भरतात तो आकडा म्हणजे फिलिंग फॅक्टर. तो 2 असेल, तर गॅलियम आर्सेनाइडमध्ये सर्वांत खालच्या लँडाऊ पातळीच्या दोन्ही स्पिन शाखा पूर्ण भरतात. निरपेक्ष शून्याला ध्रुवीकरण शून्य, फार तापवलं तरी शून्याकडेच, आणि मधे कुठेतरी कमाल. म्हणजे त्या कमालीच्या खाली थंड करत गेलं की ध्रुवीकरण घटत जातं. फिलिंग फॅक्टर अपूर्णांकात असणाऱ्या, म्हणजे अपूर्णांकी अवस्थांतही हे घडू शकतं, कारण g लहान असल्याने त्यांतल्या काही अध्रुवित असू शकतात, हे भौतिकशास्त्रज्ञ हॅल्पेरिन यांनी 1983 मध्येच दाखवलं होतं. 2/3 ही अवस्था कमी क्षेत्रात तशीच असते. संयुक्त फर्मिऑनच्या (चुंबकीय भोवरे चिकटलेल्या इलेक्ट्रॉनच्या) भाषेत तिथेही दोन्ही स्पिनच्या पातळ्या सारख्या भरलेल्या असतात.

राहिला फिलिंग फॅक्टर 1. इथे थंडीत ध्रुवीकरण खरंच पूर्ण होतं, आणि बहुतेकांचं उदाहरण हेच असतं. पण क्वासिपार्टिकलची, म्हणजे प्रणालीतल्या कणासारख्या उत्तेजनाची, ऊर्जाफट म्हणजे झेमान ऊर्जा नव्हे. सारख्या स्पिनचे इलेक्ट्रॉन एकमेकांना टाळतात त्यातून येणारी विनिमय परस्परक्रिया ती कितीतरी वाढवते. उलट दीर्घ तरंगलांबीच्या स्पिन लहरीला (अनेक स्पिनच्या दिशांतून पसरणाऱ्या हलक्या डोलाला) मूळ झेमान ऊर्जाच पुरते. त्यामुळे विद्युतवहनातून मोजलेल्या फटीवरून जितकं तापमान लागेल असं वाटतं, त्याच्या बरंच आधी ध्रुवीकरण ढासळू लागतं. शिवाय 1995 मध्ये बॅरेट आणि सहकाऱ्यांनी गॅलियमच्या अणुकेंद्रांच्या नाइट शिफ्टवरून, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या स्पिनमुळे त्या केंद्रांच्या अनुनाद वारंवारतेत पडणाऱ्या फरकावरून मोजलं, तेव्हा फिलिंग फॅक्टर 1पासून जरा इकडेतिकडे सरकताच ध्रुवीकरण झपाट्याने उतरलेलं दिसलं. कारण तिथले क्वासिपार्टिकल एकेक उलटा स्पिन नसून अनेक स्पिन हळूहळू वळवणारे स्कर्मिऑन असतात.