मुक्काम पोस्ट झेड ड्राइव्ह

'जागा नाही' असं माझ्या फोनने पहिल्यांदा सांगितलं ते हरतालिकेच्या दिवशी. बायको पूजेचा फोटो काढायला फोन धरून उभी होती. डोंबिवलीकराला हे वाक्य नवीन नाही. फास्ट लोकलच्या दारात मी ते एकतीस वर्षं ऐकलं आणि तरीही रोज आत शिरून घाटकोपरच्या शाळेत वेळेवर पोचलो. पण फोनला खांदा लावून उपयोग नसतो.

फोन मुलीने दिलेला. पूर्वी मोठ्या भावाचे कपडे धाकट्याला यायचे, आता मुलांचे जुने फोन बापाला येतात. कंपनीचं नाव मी घेणार नाही. उखाण्यात नाव घेण्याइतकी जवळीक आमच्यात अजून झालेली नाही.

हिंजवडीला असलेल्या भाच्याला विचारलं. तो म्हणाला, "मामा, सगळ्याचा बॅकअप घे कंप्युटरवर, मग बघू." हे 'मग बघू' मी नीट ऐकलं नाही. ती चूक पुढे कळेल.

बॅकअप घेणं फार सोपं निघालं. वायर जोडली, बटण दाबलं, गणपतीचं मखर बांधून होईपर्यंत काम फत्ते. तेवढ्यात संगणकाच्या कोपऱ्यात निरोप आला की सी ड्राइव्ह भरत आला आहे. उघडून पाहिलं, तर निळी पट्टी लाल झालेली. फोनची जागा संपली म्हणून ज्याच्याकडे गेलो, त्याच्याही दाराला तीच पाटी!

तरी मी हातपाय हलवले. घरात ३२ जीबीचा एक कोरा पेन ड्राइव्ह होता. पुतण्याच्या मुंजीचा व्हिडिओ पाच जीबीचा, तो तिकडे टाकावा म्हटलं. 'फाइल फार मोठी आहे' असं उत्तर आलं. बत्तीसात पाच मावत नाहीत हे गणित मला पटेना. भाच्याने सांगितलं की पेन ड्राइव्हची मांडणी फॅट३२ नावाच्या जुन्या पद्धतीची आहे. तिला एका घासात चार जीबीच्या वरचं काही गिळता येत नाही, मग पोट कितीही रिकामं असो. आमच्याकडे पंगतीला एक काका यायचे, त्यांचं नेमकं उलट होतं. ते राहू दे.

"मामा, सरळ एक्स्टर्नल ड्राइव्ह घे आणि बॅकअप त्यावर हलव."

त्यासाठी लॅमिंग्टन रोडला गेलो. डोंबिवलीतही मिळतो, पण इलेक्ट्रॉनिकची वस्तू लॅमिंग्टन रोडवरून आणली की ती जास्त टिकते अशी माझ्या पिढीची श्रद्धा आहे. रस्त्याच्या पाटीवर 'डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग' लिहिलेलं असतं. लोकांच्या तोंडात लॅमिंग्टन रोड. टॅक्सीवाल्याला कुठलंही नाव सांगा, तो तिथेच सोडतो. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे. मला पडलं.

एक टीबीचा ड्राइव्ह घरी आणून जोडला, तर संगणक म्हणे ९३१ जीबी. आमच्या हिने लगेच विचारलं, "पावती आहे ना?" तिला वाटलं, दुकानदाराने मापात मारलं. भाच्याने दुकानदाराची बाजू घेतली: ड्राइव्ह बनवणारे हजाराचा किलो धरतात, संगणक १०२४ चा धरतो. दर पायरीला थोडं थोडं घटत टीबीपर्यंत ६९ जीबीचा फरक पडतो. वस्तू तेवढीच, तराजू दोन. "म्हणजे रद्दीवाल्याचा आणि आपला," ही म्हणाली, आणि विषय संपला.

आता हलवायचं काय, तर तो बॅकअप. तो आहे कुठे? मला वाटलं होतं, प्रोग्रॅममध्ये कुठेतरी 'जागा बदला' असं बटण असेल. नाही. तो प्रोग्रॅम बॅकअप ठेवणार ते सी ड्राइव्हवर, स्वतः ठरवलेल्या ठिकाणीच, आणि ते ठिकाण विंडोजने लपवलेल्या ॲपडेटा नावाच्या फोल्डरच्या पोटात. लपवलेलं दिसण्यासाठी आधी एका चौकटीत टिक करावी लागते. शिंक्यावरचं दिसू नये म्हणून आई जशी वर फडकं टाकायची, तसं ते आहे. ज्याला हवं त्याला दोन मिनिटांत सापडतं.

आत गेलो आणि थक्क झालो. माझा फोन म्हणजे २५६ खोल्यांची चाळ निघाली. ०० पासून एफएफ पर्यंत खोल्यांचे नंबर, आणि आतल्या प्रत्येक फाइलचं नाव चाळीस अक्षरांचं: आकडे आणि ए ते एफ एवढीच अक्षरं, घोटून एकत्र केलेली. मुंजीचा व्हिडिओ कुठला, आईचा आवाज कुठला, डॉक्टरांची चिठ्ठी कुठली, काही पत्ता लागू नये. शुभ सकाळचा गुलाब आणि आईचा शेवटचा वाढदिवस या गावात शेजारी शेजारी राहत होते आणि दोघांच्याही दारावर पाटी नव्हती. भाचा म्हणाला की साधे मेसेज नेहमी '३डी' नंबरच्या खोलीत असतात, प्रत्येकाच्या फोनचे. त्या खोलीबाहेर मी उगीचच जरा वेळ थांबलो.

सगळं मिळून ९६ जीबी, फाइली एक लाखावर. कॉपी लावली. वेग बघून भाच्याने विचारलं, "वायर पुढच्या काळ्या भोकात लावलीस का?" होय. "ते जुनं आहे. मागे निळी जीभ असलेलं भोक असेल, त्यात लाव. तिथे दहापट वेग." काळ्याचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, निळ्याचा पाच हजार. हे मला दिवसभर कुणीच सांगितलं नव्हतं, कारण दिवसभर मी कुणाला विचारलं नव्हतं.

इथे आमच्या हॉलची रचना सांगायला हवी. कोपऱ्यात संगणकाचं टेबल, त्याला चिकटून मखर, आणि दोघांत मिळून एकच एक्स्टेन्शन बोर्ड, टेबलाखाली. संगणकाच्या डब्याची पाठ भिंतीकडे. निळं भोक शोधायचं तर टेबलाखाली पालथं पडून आत सरकणं आलं. उजेडाला फोनचा टॉर्च. मी पूर्ण आडवा झालो होतो, हात पुढे, कपाळ फरशीला, तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचं जोडपं दर्शनाला आलं. पाय तेवढे बाहेर. "सरांची भक्ती बघ," असं वहिनी कुजबुजल्या ते मला स्पष्ट ऐकू आलं. आता बाहेर येऊन खुलासा करण्यापेक्षा मी तसाच पडून राहिलो. ते थांबले. मीही थांबलो. शेवटी निळं भोक समजून मी जी वायर ओढली ती रोषणाईच्या माळेची होती. मखरात अंधार झाला, आणि हिने माझं पूर्ण नाव घेऊन हाक मारली. लग्नानंतर तिसऱ्यांदा.

निळ्या भोकातूनही कॉपी रात्रभर चालली. एक पाच जीबीची फाइल नेणं म्हणजे लोखंडी कपाट हलवणं, चौघे लागतात पण एकदाच. एक लाख बारीक फाइली नेणं म्हणजे सांडलेला साबुदाणा वेचून दुसऱ्या खोलीत ठेवणं, प्रत्येक दाण्याची नोंद करून. 'उरलेला वेळ' दर मिनिटाला बदलत होता: २ तास, ११ तास, ४० मिनिटं. आमच्या प्लंबरला विचारलं की असंच उत्तर येतं, फक्त तो 'पुलाखाली आहे' एवढं जास्तीचं सांगतो.

सकाळी सगळं सामान नव्या घरी पोचलेलं. पण प्रोग्रॅमला ते कळवायचं कसं? तो पुढचा बॅकअप जुन्याच पत्त्यावर टाकणार. यावर उपाय म्हणजे जुन्या जागी एक पाटी लावायची: 'आम्ही येथून हलवलेले आहोत, नवा पत्ता अमुक.' गंमत म्हणजे प्रोग्रॅम ती पाटी वाचतसुद्धा नाही. त्याला वाटतं आपण जुन्याच घरात शिरलो, पण पाय पडतो नव्या घरात. इथे मला भडकमकर मार्ग आठवला आणि भाच्याने अर्धं वाक्य बोलायच्या आत मला सगळं समजलं. तो चकित झाला. आयुष्यात पहिल्यांदा मामाला संगणकातलं काहीतरी आधी कळलं होतं.

पाटी लावायची ती काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करून. एमकेलिंक, तिरकी रेघ, जे, मग जुना पत्ता, मग नवा पत्ता. भाच्याने तो मला व्हॉट्सॲपवर पाठवला. मी तसाच्या तसा उचलून डकवला. चूक. पुन्हा. चूक. काळा पडदा म्हणजे आमच्या वेळचे गणिताचे मास्तर: उत्तर चूक आहे एवढंच सांगणार.

तासाभराने दोष सापडला, तो अवतरणचिन्हांत. संगणक जोडून देणाऱ्याने सात वर्षांपूर्वी वापरकर्त्याचं नाव 'सर होम' ठेवलं होतं. त्या दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेमुळे पत्ता अवतरणचिन्हांत घालणं भाग होतं. आणि भाच्याच्या फोनने ती चिन्हं आपणहून सुंदर वळणदार करून पाठवली होती. संगणकाला हवी होती सरळ, उभी, काठीसारखी. मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं. अवतरणचिन्हं इंग्रजी 66 आणि 99 सारखी वळणदार काढा, काठ्या मारू नका, यासाठी मी मुलांचे अर्धे अर्धे मार्क कापलेत. त्यातलाच एखादा मोठा होऊन विंडोज लिहायला गेला असणार.

काठ्या मारल्या. आता उत्तर आलं की या नावाचं फोल्डर आधीच आहे. म्हणजे जुन्या घरातून आम्ही अजून निघालोच नव्हतो. भाचा ओरडला, "डिलीट नको करू! नाव बदल फक्त!" जुन्या फोल्डरच्या नावापुढे 'जुना' असं लिहिलं, हुकूम पुन्हा दिला, आणि पाटी लागली. नवा बॅकअप घेतला, तो खरोखर नव्या घरी जाऊन पडला. मग 'जुना'ला निरोप दिला. सी ड्राइव्हची लाल पट्टी निळी झाली. मी हिला बोलावून दाखवली. ती म्हणाली, "छान. पुरणाला हात लागेल का?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा बिघडलं, कारण मी आधी पेन ड्राइव्ह लावला आणि मग मोठा. आधी येईल त्याला ई हे अक्षर मिळतं, उशिरा येईल त्याला एफ. पाटीवर पत्ता ई चा, त्यामुळे फोनचा सगळा संसार पेन ड्राइव्हच्या दारात जाऊन उभा राहिला आणि त्याने अर्थातच आत घेतलं नाही. भाच्याने ड्राइव्हला कायमचं अक्षर देऊन टाकायला सांगितलं, रांगेच्या अगदी टोकाचं, जिथे दुसरं कुणी बसायला येत नाही. आम्ही झेड घेतलं आणि पाटी नव्याने लावली.

गौरी जेवल्या त्या दिवशी सवाष्णी बसल्या होत्या. मुखवट्यांचा फोटो काढायला हिने फोन धरला आणि आतून हाक आली, "अहो, परत जागा नाही म्हणतोय!"

बॅकअप म्हणजे नक्कल. नक्कल केल्याने मूळ उत्तरपत्रिका कोरी होत नाही, हे परीक्षेच्या हॉलमध्ये एकतीस वर्षं फेऱ्या मारलेल्या माणसाला तरी कळायला हवं होतं. भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मी म्हटलं होतं ना, मग बघू. आता फोनमधलं नको ते उडव. उडवायच्या आधी त्या बॅकअपची एक प्रत वेगळ्या नावाने ठेव, नाहीतर पुढच्या वेळी त्यातूनही जाईल."

आम्ही दोघं ताटं आवरून बसलो. मी उडवायला पहिलाच फोटो उघडला: वाफाळता चहा, शेजारी मोगरा, 'शुभ प्रभात'. ही चष्मा लावून म्हणाली, "हा राहू दे, ताईंनी पाठवलेला आहे." दुसरा, पाऊस. "हा किती छान आहे." रात्री साडेअकरापर्यंत आम्ही चार फोटो उडवले, चारही माझे.

मुखवट्यांचे फोटो शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी त्यांच्या फोनवर काढले आणि मला पाठवले. एकूण सव्वीस. सगळे धुरकट चौकोन, मधोमध खाली जाणारा बाण, आणि त्यांच्यासाठी जागा नाही.